येसाई आणि निळे पाहुणे

ही गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं होती, पण डोंगरापलीकडच्या राज्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती.

त्या डोंगरांच्या कुशीत एक खोरं होतं. खोऱ्यात लहानसं गाव, गावाच्या वरच्या अंगाला देवराई, आणि राईतून वाहणारा ओढा. राईत कुऱ्हाड जात नसे. उन्हाळ्यातही तिथं ओल असे, सावली असे आणि एक प्रकारची शांतता असे.

दरवर्षी पाऊस सरला, भातं कापून झाली, की त्या राईत पाहुणे यायचे. ही माणसं नव्हेत बरं का. फुलपाखरं! काळसर पंखांवर फिकट निळे ठिपके शिंपडलेली. पूर्वेच्या खिंडीतून ती यायची. आधी एखाददुसरं, मग पाचपन्नास, मग झुंडीच्या झुंडी. ओढ्याकाठच्या फांद्यांना ती पंख मिटून लटकत. नवख्या माणसाला वाटावं, झाड वाळलंय आणि पानं गळायची राहिलीत. पण कुणी टाळी वाजवली, की ते वाळलेलं झाड निळं होऊन आभाळात उडायचं.

पाखरं चवीला कडू. पक्ष्यांनी एकदा चोच मारली की पुन्हा वाटेला जात नसत. साऱ्या हिवाळ्यात ती राईत सुखानं राहत, वाळलेल्या खुळखुळ्याच्या झुडपांवर बसून रस चोखत, ऊन चढलं की सावलीत सरकत. मग उन्हाळा तापायचा, पश्चिमेचा वारा वळायचा, आणि एके दिवशी सगळी झुंड पूर्वेच्या खिंडीतून मैदानाकडे निघून जायची.

गाव म्हणायचं, "गेले ते पाहुणे वर्षाला परत येतात. माणसापेक्षा पाखरू इमानी."

या राईची राखण येसाईच्या घराकडे होती. नवरा गेल्यावर ती तिच्याकडे आली. येसाई अंगानं काटक, बोलायला कडक. तिचे नियम गावाला पाठ होते. राईत मोठ्यानं बोलायचं नाही, धूर करायचा नाही, आणि पाहुण्यांना बोट लावायचं नाही. पाहुणे राईत असेपर्यंत राखणदारिणीनं गावाची शीव ओलांडायची नाही, हा नियम मात्र तिच्या एकटीचा.

"मी त्यांना ओळखते, ते मला ओळखतात," ती अभिमानानं सांगायची. "दरवर्षी तेच येतात. बघा ना, कसे सरळ माझ्या खांद्यावर बसतात."

येसाईला एकच मुलगा होता, सटवाजी. घाट एका दमात चढणारा, हसरा, थोडा उतावळा. एका वर्षी मैदानातल्या राजानं मोठा तलाव बांधायला काढला. दगड फोडायला, माती वाहायला धट्टीकट्टी माणसं हवी होती. पाहुणे निघाले त्याच दिवसांत सटवाजीही निघाला.

खिंडीपर्यंत पोचवायला गेलेल्या आईला तो म्हणाला, "रडतेस कशाला? पाहुणे परत येतील तेव्हा मीही येईन."

त्यानं ते सहज म्हटलं होतं. येसाईनं मात्र ते शपथेसारखं मनात ठेवलं.

भातं कापून झाली. पाहुणे आले. सटवाजी आला नाही.

पुढच्या वर्षीही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

तेव्हा येसाईनं एक गोष्ट केली, ती गावात कुणालाच ठाऊक नव्हती. पाहुणे निघायच्या दिवसांत ती पहाटे राईत जायची. गारठ्यानं पाखरांचे पंख जड झालेले असत, ती लवकर उडत नसत. देवापुढची तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी ती पदराआड न्यायची आणि हाती लागेल त्या पाखराच्या पंखावर करंगळीनं एक बारीक ठिपका ठेवायची. स्वतःचाच नियम आपण मोडतोय, हे तिला कळत होतं. पण तिनं मनाशी पण केला होता. ठिपकेवालं पाखरू परत आलेलं दिसलं, की समजायचं, आता सटवाही येणार.

ठिपकेवालं पाखरू कधीच परत आलं नाही. पावसात शेंदूर धुऊन जात असेल, असं म्हणून येसाई मनाची समजूत घाली. उन्हाळा आला की पुन्हा वाटी घेऊन राईत जाई.

अशाच एका वर्षी, पाहुणे निघून गेल्यावर, एक बैरागी गावात आला. विचारत विचारत येसाईच्या दारात उभा राहिला.

"माय, तुझ्या लेकाचा निरोप आहे," तो म्हणाला. "तलावाच्या कामावर दरड कोसळली. दोन्ही पाय दगडाखाली सापडले. जीव वाचला, पण चालणं संपलं. तिकडेच त्यानं घर केलंय. म्हणालाय, मला घाट चढता येत नाही, तर आईला म्हणावं, तूच ये."

घाट एका दमात चढणारा आपला पोरगा जमिनीवर सरपटतोय, हे चित्र येसाईच्या डोळ्यांपुढे आलं, आणि तिनं ते तसंच दूर लोटलं.

"माझा सटवा जिवंत असेल तर स्वतःच्या पायांनी येईल," ती म्हणाली. "नखाएवढी पाखरं एवढा डोंगर ओलांडून येतात. त्यांना कोण खांद्यावर बसवून आणतं? बुवा, भाकरी हवी असेल तर भाकरी मागा. माझ्या लेकाच्या नावावर मागू नका."

तिनं पुढे केलेल्या भाकरीला हात न लावता बैरागी आला तसा निघून गेला.

शेजारची ठकूबाई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तोंडाची फटकळ, पण मनाची मऊ बाई. तिनं विचारलं, "अगं येसा, आणि खरं असलं तर?"

"खरं असलं तर तो येईल," येसाई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

यानंतर बरीच वर्षं गेली. येसाईचे केस पिकले. पाहुणे येत राहिले, जात राहिले.

मग ते वर्ष उजाडलं. भातं कापून झाली होती. पूर्वेच्या खिंडीत सकाळीच निळसर काहीतरी हललं आणि गावातली पोरं ओरडली, "आले, आले!" येसाईनं त्यांना डोळ्यांनी दटावलं आणि ती राईच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पाखरं तिच्या डोक्यावरून राईत शिरत होती.

त्या झुंडीच्या मागून एक तरुण मुलगी चालत आली. अंगावरचं लुगडं मैदानाकडच्या पद्धतीनं नेसलेलं, धुळीनं माखलेलं. पाय फुटलेले. ती पाखरांकडे बघत बघत अशी येत होती, जणू एक पाऊल चुकलं तर वाट हरवेल.

"बाई, येसाईचं घर कुठलं?" तिनं विचारलं.

"मीच येसाई. हळू बोल."

मुलगी थबकली. तिनं येसाईला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि एकदम वाकून पाय धरले.

"आजी, मी भिवरा. सटवाजीची लेक."

तव्याचा चटका बसावा तसे येसाईनं पाय मागे घेतले. तिची नजर मुलीच्या मागे, वाटेवर गेली. वाट रिकामी होती.

"सटवा कुठाय?"

"बाबा नाही आले." मुलगी म्हणाली. "मी आलेय."

"तो नाही आला तर तू कोण? कुणीही यावं आणि लेक म्हणून सांगावं?"

"त्यांनीच सांगितलं होतं गं, आजी. म्हणाले, पाऊस सरला की आपल्या कुंपणावरची पाखरं पश्चिमेला निघतील. त्यांच्यामागून जा. ती जिथं थांबतील तिथं तुझी आजी भेटेल."

"तुमच्या कुंपणावरची?" येसाई हसली. ते हसणं काही चांगलं नव्हतं. "पोरी, ही पाखरं माझ्या राईतली आहेत. उन्हाळ्यात इथून गेली, आज परत आली. माझ्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं हेच चाललंय."

भिवरा गोंधळली. आजीला हे ठाऊक नसेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

"नाही आजी," ती भाबडेपणानं म्हणाली. "इथून गेलेली मेली की. ती आमच्याकडे येतात, कुंपणावरच्या दोडीच्या वेलावर अंडी घालतात, आणि मरून पडतात. लहानपणापासून मीच झाडून काढते अंगण. अंड्यातून अळ्या निघतात, वेल खाऊन खाऊन लठ्ठ होतात, कोष करतात. ही त्यांची पोरं आहेत. काही तर पोरांची पोरं असतील. यांनी ही राई जन्मात पाहिलेली नाही. पहिल्यांदाच येतायत इथं. माझ्यासारखी."

येसाईच्या कानशिलात कुणी मारावी तसं झालं. मग तिच्या तोंडून किंकाळी बाहेर पडली.

"खोटं! साफ खोटं!"

त्या राईत आजवर कुणी आवाज चढवला नव्हता. फांद्याफांद्यांवर नुकती टेकलेली सगळी पाखरं एकदम उठली. आभाळ निळंकाळं झालं. गाव धावत आलं. ओरडली कोण, तर येसाई! माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली.

"चालती हो इथून," येसाई म्हणत होती. "माझे पाहुणे मेले म्हणतेस? उद्या म्हणशील, माझा पोरगा मेला!"

भिवरानं खाली मान घातली. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. येसाईलाही. पण तिनं मान फिरवली.

"अगं, पोर दमलीय," ठकूबाई मध्ये पडली. "घोटभर पाणी तरी दे."

"पाणी ओढ्याचं आहे. पिऊ दे हवं तेवढं. माझ्या दारात नको."

भिवरा पाणी न पिताच वळली. चार पावलं गेली आणि थांबली. मागे न बघताच बोलली.

"जाते मी. पण बाबांनी एक सांग म्हटलं होतं, तेवढं सांगते. दर उन्हाळ्यात आमच्या अंगणात एखादं तरी पाखरू असं पडायचं, ज्याच्या पंखावर शेंदराचा ठिपका असायचा. बाबा ते तळहातावर घेऊन बसायचे. म्हणायचे, हे माझ्या आईचं बोट आहे. आई अजून आहे. त्यासाठी त्यांनी दोडीचा वेल कधी कुणाला तोडू दिला नाही. यंदाही एक पडलं. ते पाहिलं, हसले, आणि मग थोड्याच दिवसांत गेले."

एवढं बोलून ती घाटाच्या वाटेला लागली.

"कसला ठिपका? कुणाचं बोट?" माणसं एकमेकांना विचारू लागली. कुणालाच काही कळेना. कळलं ते फक्त येसाईला. ती राईच्या तोंडाशी दगडासारखी उभी राहिली. ठकूबाईनं तिचा दंड धरून हलवलं, तरी ती हलली नाही.

बऱ्याच वेळानं ती आत शिरली. पाखरं पुन्हा फांद्यांवर उतरत होती. एक फांदी अगदी खाली आली होती. येसाई तिच्यापाशी वाकली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं ठिपका न शोधता नुसते पंख पाहिले.

पंख कोरे होते. कडा नितळ, रंग गडद, एक ओरखडा नाही. तिनं दुसरं पाखरू पाहिलं, तिसरं पाहिलं, फांदीमागून फांदी पाहिली. थोड्यांच्या कडा वाटेत झिजल्या होत्या, पण जुनं, विटलेलं एकही नव्हतं.

आणि उन्हाळ्यात जाताना? ते तर तिनं स्वतःच्या हातांनी पाहिलं होतं. ठिपका ठेवायला ती पंख धरायची तेव्हा ते विटके असायचे. कडा झडलेल्या, कुठं तुकडा गेलेला, कुठं चीर पडलेली. दर उन्हाळ्यात चिंध्या झालेले पाहुणे जायचे आणि दर सुगीला नवेकोरे पाहुणे यायचे. मैदानाचं पाणी त्यांना मानवत असेल, असं ती समजत आली होती. पण फाटलेला पंख काही लुगड्यासारखा शिवता येत नाही. ही साधी गोष्ट एवढी वर्षं तिच्या बोटांखाली होती.

"देवा रे," ती मटकन खाली बसली.

एक गाठ सुटली की पुढच्या आपोआप सुटतात. पोर खरं बोलली. म्हणजे सटवा गेला. आणि पोर खरं बोलली, तर तो बैरागीही खरंच बोलला होता. सटवा जिवंत होता. पांगळा, पण जिवंत. त्यानं बोलावलं होतं. तिकडे तो पाखरं तळहातावर घेऊन बसला होता, आणि इकडे तिनं त्याचा निरोप दारातून हाकलून दिला होता. आणि आज त्याचं रक्तही.

येसाई उठली आणि घाटाच्या वाटेनं धावत सुटली.

"अगं ए! पाहुणे आलेत, राईचं काय?" ठकूबाई मागून ओरडली. "शीव ओलांडतेस?"

"तू राख!" येसाई मागे न बघता म्हणाली.

घाटाच्या पहिल्या वळणावर एक झरा होता. भिवरा तिथं दगडावर बसून पायातला काटा काढायची खटपट करत होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. आजीला पाहून तिनं पाय आखडून घेतला.

येसाईच्या छातीचा भाता झाला होता. ती समोर बसली, मुलीचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि मंगळसूत्र गेल्यापासून गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवून ठेवलेली सुई काढली.

"कधी गेला?" काट्याभोवतीची कातडी सैल करत तिनं विचारलं.

"आषाढात."

"आई आहे तुला?"

"ती आधीच गेली. मी लहान होते."

सुई चालत राहिली. मग येसाई म्हणाली, "त्यानं एका बैराग्याला पाठवलं होतं."

"हो. परत येऊन त्यानं सांगितलं, खोऱ्यात पोचलो, पण तुझी आई यात्रेला गेली होती, भेट झाली नाही. निरोप शेजारी ठेवून आलोय. बाबा म्हणाले, मग येईल. कानावर पडलं की निघेल ती, थांबायची नाही. रोज संध्याकाळी त्यांना पश्चिमेकडच्या ओट्यावर उचलून बसवायचो आम्ही. तिथून रस्ता दिसतो."

सुई थांबली.

त्या परक्या बैराग्यानं एका पांगळ्या माणसाचं काळीज राखायला खोटं सांगितलं होतं, आणि त्या खोट्याच्या आधारावर तिचा मुलगा रोज रस्त्याकडे डोळे लावून बसला होता.

ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. बैरागी कुठल्या कुठे गेला होता. सटवाही गेला होता. पण येसाई कडक असली तरी खोटी नव्हती.

"मी यात्रेला गेले नव्हते," ती म्हणाली. "घरीच होते. दारातूनच हाकललं मी त्याला. जसं तुला हाकललं."

भिवरानं हिसका देऊन पाय सोडवून घेतला. ती उभी राहिली.

"बाबा मरेपर्यंत तुझी बाजू घेत होते," ती म्हणाली. "मी म्हणायचे, आजी वाईट आहे, येत नाही. ते मला रागवायचे. माझ्यावर रागावले ते तेवढ्याचसाठी. आणि तू..."

"हो."

"जाते मी."

"जा. तुझा हक्क आहे," येसाई म्हणाली. "मी अडवायची नाही. पण काटा अजून आत आहे. अर्धाच निघालाय. तेवढा काढू दे, मग जा. असा ठेवलास तर पाय पिकेल, घाट उतरवायचा नाही."

भिवरा उभीच राहिली. मग तिनं एक पाऊल टाकलं आणि कळवळली. पुन्हा दगडावर बसली. पाय पुढे केला. तोंड मात्र दुसरीकडे फिरवलं.

काटा निघायला बराच वेळ लागला. उन्हं कलली तेव्हा गावानं पाहिलं, म्हातारी पुढे आणि पोर मागे, दोघी घाट चढून येत होत्या. पोर लंगडत होती. म्हातारीनं दोनदा हात पुढे केला. पोरीनं तो दोन्ही वेळा घेतला नाही, पण वळूनही गेली नाही.

तो हिवाळा दोघींनी एका छपराखाली काढला. सोपा नव्हता. पहिले कितीतरी दिवस भिवरा "आजी" म्हणाली नाही. येसाईनंही म्हणायला लावलं नाही. ती भाकरी थापायची, पोर जेवायची. हळूहळू पोर ओढ्यावरून पाणी आणू लागली. हळूहळू बाबांच्या गोष्टी सांगू लागली. ते कसे हातांवर चालत अंगणभर फिरायचे, तलाव भरला तेव्हा कसं मुलासारखं ओरडले, आणि खोऱ्यातल्या भाताचं नाव काढलं की कसे गप्प व्हायचे. येसाई चुलीपुढे बसून ऐकायची. कधी एखादी गोष्ट ऐकून हसायची आणि हसता हसता तिचा चेहरा असा व्हायचा, की भिवरा विषय बदलायची. एके सकाळी भिवराच्या तोंडून सहज निघून गेलं, "आजी, मीठ कुठाय?" येसाईनं मीठ दिलं. पाठ फिरवून डोळे पुसले.

उन्हाळा तापला. पश्चिमेचा वारा सुटला. पाहुणे अस्वस्थ होऊन फांद्या बदलू लागले. तेव्हा येसाईनं ठकूबाईला बोलावून सांगितलं, "राई तुझ्याकडे. मी खाली जातेय."

"ह्या वयात?" ठकूबाई हबकली. "अगं, घाट उतरशील, पण चढशील कशी? परत कधी येणार?"

"ठाऊक नाही. निदान जाऊन तरी येते, जायचं राहिलंय."

पाहुण्यांच्या मागून त्या दोघी निघाल्या. ज्यांना आपण जवळून ओळखतो असं येसाई आयुष्यभर सांगत आली, त्यांचं खरं जिणं तिनं त्या वाटेवर पाहिलं. विटक्या पंखांची पाखरं वाऱ्यावर गिरक्या घेत पुढे जात होती. कुठं बांधावर दोडीचा वेल दिसला की एखादी मादी खाली उतरायची, कोवळ्या पानामागे अंडं चिकटवायची, पुन्हा उडायची. आणि मग एका ठिकाणी ती उडायची नाही. येसाई प्रत्येक वेळी थांबायची. भिवरा म्हणायची, "चल ना आजी, अशी किती बघशील?" ती म्हणायची, "एवढी वर्षं नाही पाहिली, आता पाहू दे."

सटवाजीचं घर तलावाच्या काठाशी होतं. कुडाचं, बुटकं, रुंद दाराचं, हातांवर चालणाऱ्या माणसाला सोयीचं. पश्चिमेला ओटा होता. मातीच्या त्या ओट्यावर एका जागी बसून बसून खळगा पडला होता. येसाईनं त्या खळग्यात हात ठेवला. तिथून रस्ता दिसत होता. लांबलचक, सरळ, पार डोंगरांपर्यंत जाणारा. एवढ्या लांबून येणारं माणूस किती आधी दिसलं असतं, हे तिच्या ध्यानात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती लोकांसमोर, ऊर बडवून, मोठ्यानं रडली. भिवरानं तिला रडू दिलं. मग तिच्याजवळ जाऊन बसली आणि या वेळी तिनंच हात पुढे केला.

पावसाळा दोघींनी तिथंच काढला. कुंपणावरच्या वेलावर अळ्या झाल्या, त्यांनी वेलाची पानं फस्त केली, कोष लोंबू लागले. नवी पाखरं बाहेर पडून पंख वाळवू लागली तेव्हा येसाई अंथरुणाला खिळली होती. भिवरानं तिला उचलून ओट्यावर बसवलं.

"यांना डोंगर ठाऊक नाही, तरी जातील," येसाई म्हणाली. "तू तर एकदा गेलेली आहेस. जा हो. तिकडे ठकी वाट बघत असेल. कुणाला वाट बघायला लावणं वाईट."

ती तिथंच, आपल्या मुलाच्या जागेवर, डोळे मिटून गेली.

भातं कापून झाली. वरच्या खोऱ्यात ठकूबाई आणि गाव खिंडीकडे डोळे लावून उभं होतं. निळसर झुंडी दिसू लागल्या, डोक्यावरून राईत शिरू लागल्या. त्यांच्यामागून भिवरा आली. एकटी.

ठकूबाईची नजर भिवराच्या खांद्यावरून मागच्या वाटेवर गेली, दूरवर फिरली आणि परत आली. तिला विचारायचं होतं, "येसा कुठाय?" शब्द ओठांपर्यंत आले. पण तिनं भिवराकडे नीट पाहिलं. तोंड येसाईसारखं नव्हतं, सटवाजीसारखंही फारसं नव्हतं. डोक्यावरून गेलेल्या पाखरांसारखं अगदी नवंच तोंड होतं ते.

ठकूबाईनं ओठ मिटले. डोळे पदरानं पुसले. पोरीच्या काखेतलं गाठोडं आपल्या हातात घेतलं.

"आलीस? बरं झालं," ती म्हणाली. "चल, भाकऱ्या थापल्यात, गार होतील."

पुढे राईची राखण भिवराकडे आली. खिंडीतून कुणीही परका आला, तर त्याला आधी पाणी आणि भाकरी द्यायची, नाव-गाव नंतर विचारायचं, अशी त्या खोऱ्यात रीतच पडून गेली.

म्हणून जाणती माणसं सांगतात: गेलेल्याच्याच चेहऱ्याची वाट बघत बसलं, तर दारात आलेलं आपलंच माणूस परत फिरतं.